जोडीतली एक वर, एक खाली

मुलांचे खेळ निवडायची अक्कल मला नाही, हे आधीच सांगून टाकते. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी पाच वर्षांची लेक मोबाईल मागून मागून माझं डोकं खात होती. एका संध्याकाळी मी वैतागून सदरच्या बाजारात गेले आणि खेळण्यांच्या दुकानात म्हटलं, "डोकं चालवायला लागेल असं काहीतरी दाखवा." दुकानदारानं मेमरी गेम काढला. चौकोनी पत्ते, प्रत्येक चित्र दोनदा. सगळे पालथे मांडायचे, एका वेळी दोन उघडायचे. सारखे निघाले तर आपले, नाही निघाले तर जागच्या जागी परत पालथे. त्याच्याकडे झेंड्यांचा डबा होता, फळांचा होता, ए-बी-सी-डीचा होता. मी प्राण्यांचा घेतला. प्राणी कोणत्या पोराला आवडत नाहीत, असा माझा हिशोब.

घरी येऊन डबा उघडला तर त्यात गाय नाही, बकरी नाही, साधी खारसुद्धा नाही. बर्फावरचं अस्वल, दात बाहेर आलेला कुठलासा समुद्रातला प्राणी, आणि चार पक्षी असे की सगळे सख्खे भाऊ वाटावेत. लेकीनं एक पत्ता उघडला आणि विचारलं, "आई, हे काय आहे?" मी म्हटलं, बदक. दुसरा उघडला. तेही बदक. तिसऱ्यालाही मी बदक म्हटलं तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं की शाळेतल्या बाईसुद्धा मुलांकडे तसं पाहत नसतील. ज्याला नाव ठाऊक नाही ते पोरानं लक्षात ठेवायचं तरी कसं? हे मला दुकानात सुचायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी डबा सोफ्याखाली गेला आणि मोबाईल परत वर आला.

तेवढ्यात माझी पुतणी जिन्यावरून धडधडत खाली आली. आमचं घर दोन माळ्यांचं आहे. सासऱ्यांनी बांधलेलं, आता सासू-सासरे दोघंही नाहीत. खाली आम्ही राहतो. वर तेव्हा माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, मोठ्या जाऊबाई आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी. तिचं येणं-जाणं मुक्त होतं. मोठी माणसं मात्र दोन वर्षांपासून एकमेकांशी बोलत नव्हती.

भांडणाचं कारण ऐकलं की लोक हसतात, म्हणून मी ते सहसा सांगत नाही. इथे सांगते. त्या वर्षी मी अंगणात कुरड्या घातल्या होत्या. गहू भिजवा, रोज पाणी बदला, चीक काढा, पहाटे उठून शिजवा, सोऱ्यानं पिळा, कंबर मोडते. वर जाऊबाईंनी कूलरमध्ये पाईप सोडला आणि त्या आत गेल्या. टाकी भरली, वाहिली, आणि खिडकीतून सगळं पाणी माझ्या कुरड्यांवर. मी खालून बोलले, त्या वरून बोलल्या. मग दोघी भावांची नावं घेऊन बोललो. संध्याकाळी भाऊ घरी आले आणि ज्यांचा कुरड्यांशी काही संबंध नव्हता ते दोघं आमच्यापेक्षा जास्त बोलले. चूक जाऊबाईंचीच होती, हे मी आजही म्हणते. पण कुरड्या पुढच्या वर्षी परत होतात, बोलणं काही होईना. चुली वेगळ्या झाल्या त्या आधीच. आता टाकीत पाणी आलं एवढं सांगायलाही पोरींना मध्ये घातलं जाऊ लागलं.

पोरींना मात्र आम्ही कुणी कधी अडवलं नाही. एवढी समज दोन्ही माळ्यांवर होती, आणि त्याबद्दल मी देवाची आभारी आहे.

तर पुतणीनं सोफ्याखालचा डबा ओढला, चार पत्ते पाहिले आणि निकाल दिला, "काकू, हे काहीच्या काही हाय." मग दोघी स्वयंपाकघरात माझ्या मागे मागे. मी छताजवळच्या सज्ज्यावरून डबे काढत होते, तेव्हा एक फुगलेली पिशवी खाली पडली आणि फरशीवर गणपतीच गणपती पसरले.

लग्नाच्या पत्रिका होत्या त्या. प्रत्येक पत्रिकेवर गणपती असतो आणि गणपती कचऱ्यात टाकायचा नसतो, म्हणून आमच्याकडे लग्न होऊन त्या जोडप्याला पोरं झाली तरी पत्रिका घरातच. पोरी खाली बसल्या आणि एकेक उचलून बघू लागल्या. "हा पगडीवाला." "हा पिंपळाच्या पानावरचा." "ह्याची नुसती सोंड हाय, बाकी काहीच नाही." मी हातातला डबा तसाच धरून उभी राहिले. इथं कुणाला नाव सांगावं लागत नव्हतं. लेक तर लग्नच सांगत होती: "हा मठ्ठ्यावाला. इथं मी जिलेबी खाल्ली अन् फ्रॉकवर सांडली."

मी म्हटलं, पण जोड्या कुठून आणणार? प्रत्येकाची एकच आहे.

पुतणी म्हणाली, "दुसरी आमच्याकडे हाय ना."

खरंच होतं. आमच्या चुली वेगळ्या झाल्याचं सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक. एकाला पत्रिका दिली आणि दुसऱ्याला दिली नाही की दुसरा रुसणार, म्हणून येणारा प्रत्येक जण एक पत्रिका खाली ठेवायचा, चहा प्यायचा, आणि दुसरी घेऊन जिना चढायचा. वर आणखी एकदा चहा. दोन वर्षं सगळ्या लग्नांच्या जोड्या या घरात अशा वेगवेगळ्या पडून होत्या. एक वर, एक खाली.

पुतणी वर पळाली आणि ओंजळभर पत्रिका घेऊन आली. आम्ही गणपती कापायला बसलो. गणपतीवर कात्री चालवायची नाही, भोवतीनं चालवायची, हा नियम मी घातला. मागच्या बाजू सगळ्या वेगवेगळ्या होत्या, म्हणून एका खोक्याच्या पुठ्ठ्याचे सारखे चौकोन कापून त्यावर गणपती चिकटवले. माझ्या माहेरच्या, कन्हानच्या लग्नांच्या पत्रिका एकेकट्याच निघाल्या, कारण त्या वर कशाला जातील. पोरींनी त्यांनाही खेळात घेतलं. एकटा गणपती उघडला की एक डाव चुकवायचा आणि त्याला नमस्कार करायचा.

त्या सुट्टीतल्या दुपारी मी कधी विसरणार नाही. बाहेर रस्ता पेटलेला, खिडकीला ओला टॉवेल, कूलरचा घुर्र आवाज, आणि फरशीवर ओळीनं पालथे गणपती. कूलरचं वारं पत्ते उडवायचं, म्हणून कडेच्यांवर वाट्या ठेवायच्या. मी हरत होते. सुरुवातीला मुद्दाम हरत होते, पोरीला बरं वाटावं म्हणून. चार दिवसांत मुद्दाम हरायची गरज उरली नाही. मी डोक्यात ओळी मोजायची, तिसरी ओळ, दुसरा पत्ता, आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली की सगळं गेलं. लेकीला ओळी बिळी काही लागायच्या नाहीत. ती पोटावर पालथी पडायची, हनुवटी फरशीला टेकवायची, आणि म्हणायची, "मठ्ठ्यावाला वाटीजवळ हाय. मी झोपून राहिली होती ना तिथं, मले दिसला." मग हात लांब करून बरोबर तोच उचलायची. पुतणी मोठी असूनही चिडायची नाही. उलट ती तिला शाबासकी द्यायची आणि मग माझ्याकडे वळून म्हणायची, "काकू, तू बदाम खात जा."

खेळ वाढत गेला. पुतणी रोज वरून आणखी पत्रिका आणायची. आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की वरून येणारे गणपती आता कापलेले येतात. पहिल्यांदा वाटलं, पोरीनं कापले असतील. पण ती कात्री आठ वर्षांच्या हाताची नव्हती. मोठ्या जाऊबाई ब्लाऊज शिवतात. त्यांचा हात मी ओळखते. चारही कोपरे त्यांनी गोल करून दिले होते, लहान बोटांना टोचू नयेत म्हणून. माझ्या पत्त्यांचे कोपरे टोकदारच होते, आणि माझ्याच लेकीची बोटं त्यांना लागत होती.

त्या रात्री भांडी झाल्यावर माझे सगळे पत्ते काढून कोपरे गोल केले. दुसऱ्या दिवशी लेक पत्ते दाखवायला वर घेऊन गेली आणि खाली आली ती ओठांना आंब्याचा रस लावूनच. मोठ्या आईनं, म्हणजे जाऊबाईंनी, काय म्हटलं, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. "काही नाही म्हटलं," लेक म्हणाली. "हात लावून पाहिले अन् हसली."

मला इतकं बरं वाटलं की ते लपवायला मी पोळ्या लाटायला घेतल्या.

आणि मग खेळता खेळता पुतणी बोलून गेली, "आमच्या नवीन घरी लिफ्ट हाय." भासऱ्यांची नोकरी बुटीबोरीच्या कंपनीत, रोजचं जाणं-येणं लांबचं. वर्धा रोडच्या बाजूला त्यांनी फ्लॅट घेतला होता आणि शाळा सुरू व्हायच्या आत ते जाणार होते. हे आम्हाला त्या पोरीच्या तोंडून कळलं. माझ्या लेकीनं हातातला पत्ता खाली ठेवला. "ताई गेली तर मी जोड्या कोणासंग खेळू?" तिनं विचारलं. मी तिच्यासंग खेळणार हे खरं. पण पत्ते अर्धे वरचे होते, आणि वरची माणसं न बोलता घर सोडून गेली तर मग पुतणी कुठल्या जिन्यानं खाली येणार?

मला आणखी एक भीती होती, ती मी नवऱ्यालाही सांगितली नाही. वास्तुपूजन होणार, पत्रिका छापणार. आपल्याकडे घरच्या माणसाला पत्रिका देत नाहीत. घरच्या माणसाचं नाव पत्रिकेत खाली असतं, 'आपले विनम्र' म्हणून. पत्रिका पाहुण्याला जाते. आमच्या नावाची पत्रिका हळदकुंकू लावून खाली आली असती, तर त्या दिवसापासून सख्ख्या भावाच्या घरी आम्ही पाहुणे. ती येऊ नये असं मला वाटायचं, आणि ती न देताच ते निघून जातील अशी धास्तीही वाटायची. दोन्हीकडून जिवाला घोर.

ती आली, पण मी कल्पनाही केली नव्हती अशी आली. एका दुपारी पुतणीनं नवे कोरे दोन गणपती माझ्या हातात ठेवले. गणपतीच्या मागे घर, दाराला तोरण, खाली सोनेरी अक्षरात 'वास्तुपूजन'. कोपरे गोल. "मम्मीनं दिले. ही जोडी पूर्ण हाय, तुझ्याकडून दुसरी नाही पाहिजे." आतलं पान नव्हतं, कापून घेतलेलं.

माझा स्वभाव तापट आहे, लपवून उपयोग नाही. माझी कानशिलं गरम झाली. पत्रिका छापून आल्या, घराघरांत जाऊ लागल्या असतील, आणि आमच्या वाट्याला पोरांच्या खेळण्यातली. तीही आतलं काढून घेऊन, म्हणजे वेळ नको, पत्ता नको. आणि 'तुझ्याकडून दुसरी नाही पाहिजे' हे तर पोरीनं साधेपणानं म्हटलं होतं, पण मला ते वरच्या माळ्यानं म्हटल्यासारखं लागलं. मी पत्ते गोळा केले आणि म्हटलं, आज खेळ बंद. दोघी काही न समजून बसून राहिल्या. माझी लेक रडली. पुतणी रडली नाही, ती हळूच जिना चढून गेली, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो वरणात भात कालवत होता. "दादाचं घर आहे," म्हणाला. "बोलावलं तर जाऊ." आणि ताटात भात टाकून उठला. ताटात टाकून उठणारा तो माणूसच नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात कुरड्यांची चादर पसरत होते. जिन्यावर बांगड्या वाजल्या. जाऊबाई खाली येत होत्या, स्वतः, हातात हळदकुंकवाची कोयरी आणि काखेत वर्तमानपत्रात बांधलेला गठ्ठा. मी तशीच वाकलेली राहिले. त्या पायरीवर बसल्या.

"पोरीचा खेळ काहून बंद केला वं?" त्यांनी विचारलं. दोन वर्षांनंतरचं पहिलं वाक्य.

मी म्हटलं, "पत्रिका मिळाली आम्हाला. आवडली."

"कोणती पत्रिका?"

"तुम्ही पाठवलेली. कापून."

मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. "अवं, त्या खराब होत्या," त्या म्हणाल्या. "गठ्ठा घरी आला अन् यायनं, पोरीच्या बाबानं, उघडून पाहिला, तर खाली यायचं एकट्याचंच नाव. तुह्या नवऱ्याचं नाव प्रेसवाल्यानं गाळलं. जागा पुरली नाही म्हणे. हे उभ्या उभ्या सगळा गठ्ठा घेऊन परत गेले. माझ्या भावाचं नाव नाही तर मले पत्रिकाच नाही पाहिजे, म्हणे. दोन राहिल्या होत्या, त्या मी पोरीले दिल्या. गणपती वाया काहून घालवा?"

"आणि आतलं?"

"आतलं मी मुद्दाम कापून घेतलं. ते तुह्या हाती पडलं असतं तर तू काय म्हटलं असतं?"

मी काय म्हटलं होतं, ते मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही.

त्यांनी गठ्ठा सोडला. नव्या पत्रिका, आत 'आपले विनम्र' खाली दोन्ही भावांची नावं, पाकिटांवर अजून कुणाचंच नाव नाही. पहिलीला त्यांनी हळदकुंकू लावलं आणि देवापुढे ठेवायला बाजूला काढली. बाकीच्यांतला अर्धा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. "ह्या तू वाट. तुह्या माहेरचे, गल्लीतले, सगळे. कन्हानले मी काही जाणार नाही, ऊन लागते मले." एक सुटी पत्रिका नाही, अर्धा गठ्ठा. ज्याला वाटायला देतात तो घरचा असतो. मी तो गठ्ठा मांडीवर घेतला आणि मला रडू आवरेना. जाऊबाई म्हणाल्या, "कुरड्यावर रडू नको, ओल्या होतीन." मग दोघीही हसलो.

तेव्हा कुठं मला सुचलं की या उन्हाळ्यात माझ्या कुरड्यांवर एक थेंबही पडला नव्हता. मी चादर उचलेपर्यंत वरचा कूलर सुरूच व्हायचा नाही. अख्खी सकाळ त्या वर घामात बसत होत्या आणि मला वाटत होतं, त्यांची मोटर बिघडली असेल.

भावांमध्ये माफी वगैरे काही झाली नाही. त्या रविवारी भासऱ्यांनी वरून हाक मारली, "अरे, कूलर उतरवायचा हाय, हात लाव गा." नवरा हातातला पेपर टाकून असा पळाला की चप्पल घालायचं राहिलं. तोच कूलर दोघांनी मिळून खाली आणला, प्रत्येक वळणावर एकमेकांवर ओरडत. इतकं गोड भांडण मी त्या जिन्यात कधी ऐकलं नव्हतं.

सामान हललं त्या दिवशी पोरी जिन्याच्या मधल्या पायरीवर पत्ते घेऊन बसल्या होत्या. मला धास्ती होती की कुणाकडे राहणार यावरून रडारड होईल. मी म्हटलं, एकीनं ठेवा, दुसरीला मी नवीन घेऊन देते. "प्राण्यांचा?" लेकीनं विचारलं, आणि दोघी खिदळल्या. मग मला दिसलं की त्यांची वाटणी झालेलीच होती. प्रत्येक जोडी त्यांनी फोडली होती. पगडीवाला एक हिच्याकडे, एक तिच्याकडे. मठ्ठ्यावाला एक हिच्याकडे, एक तिच्याकडे. वास्तुपूजनाचाही एकेक. मी म्हटलं, अगं, असं केलं तर दोघींनाही खेळता येणार नाही.

"एकटीले कशाले खेळायचं हाय?" पुतणी म्हणाली.

त्या दोघींचे उपकार मी कसे फेडणार, मला ठाऊक नाही. एवढंच करते की रविवारी वर्धा रोडला निघताना आधी पत्त्यांची पिशवी घेते, मग कुरड्यांचा डबा. डबा विसरला तर चालतं, जाऊबाई काही म्हणत नाहीत. पत्ते विसरले तर अर्ध्या रस्त्यातून परत यावं लागतं, कारण आमचे नसले की त्यांच्याकडचे सगळे एकटे पडतात.